जिन्यातली भिंत आणि बाईंचा उजवा डोळा

मोतीबिंदूचं ऑपरेशन करून माणूस घरी येतो तेव्हा त्याने काय करावं? गुपचूप आत जावं, काळा चष्मा लावून पडून राहावं आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला 'आता स्वच्छ दिसतं हो' म्हणून सांगावं. सगळीकडे हीच रीत आहे. पण सेक्रेटरींची बायको पहिल्या मजल्याच्या जिन्यात, अर्ध्या वाटेवर, कठड्याला धरून उभी राहिली ती राहिलीच.

"अहो," ती म्हणाली, "ही भिंत बघा."

सेक्रेटरींच्या एका हातात औषधांची पिशवी आणि दुसऱ्या हातात बायकोचा दंड. भिंतीचं नाव काढल्याबरोबर त्यांचा चेहरा पडला. सोसायटीचे सेक्रेटरी होऊन त्यांना इतकी वर्षं झाली होती की त्यांचं खरं नाव आता फक्त लाइटबिलावर उरलं होतं, आणि त्या सगळ्या वर्षांत त्या एका भिंतीने त्यांची इभ्रत घालवली होती. मागून पाण्याचा पाइप जात होता, तो झिरपायचा. वरचा पिवळा रंग सुटून त्याचे पोपडे लोंबत होते, त्यांच्या आड हिरवा डिस्टेंपर, हिरव्याखाली कुठल्या तरी जुन्या काळचा निळा ऑइल पेंट, आणि त्याच्याही पोटात चुना. पाइपाच्या खिळ्यांपासून गंजाचे ओघळ थेट पायरीपर्यंत आले होते. कडेकडेने बुरशी होती. पाहुणे आले की सेक्रेटरी त्यांच्याशी मोठमोठ्याने बोलत जिना चढायचे, म्हणजे पाहुण्यांचं लक्ष भिंतीकडे जाऊ नये.

"सोमवारी पेंटर येतोय," ते घाईघाईने म्हणाले. "ठराव झालाय. एकमताने. तू चल."

"रंगवणार? हिला?" एखाद्या पोरीचे लांबसडक केस कापायला निघालेत असं कळावं, तसा तिचा आवाज झाला. "अहो, किती सुंदर आहे ही!"

सेक्रेटरींना वाटलं, भूल उतरलेली नाही. पण भूल नव्हती. तिने तळहाताने उजवा, म्हणजे नवा डोळा झाकला आणि डाव्या, अजून मोतीबिंदू असलेल्या डोळ्याने भिंतीकडे पाहिलं. "ह्याने बघितलं की नुसती पिवळट, सपाट. मी इतकी वर्षं हीच बघत होते." मग हात काढून डावा झाकला. "आणि ह्याने बघा! केवढं काय काय आहे हिच्यात. हा निळा कुठून आला हो?" मग तिने असंच आधी एका डोळ्याने आणि मग दुसऱ्या डोळ्याने नवऱ्याकडे पाहिलं, आणि काहीच बोलली नाही. त्यावर सेक्रेटरी संध्याकाळपर्यंत विचार करत होते.

सेक्रेटरींची बायको प्राथमिक शाळेत शिकवायची. त्यामुळे सगळी इमारत तिला बाई म्हणायची. शाळेखेरीज बाईंना एकच वेड होतं: मॅटीवरचं भरतकाम. ते चौकटीचौकटीचं जाड कापड, गोल रिंग, आणि एकेका चौकटीत एकेक फुली. घरात पोपट होते, मोर होते, गुलाब तर इतके होते की बसायला गेलं की पाठीला गुलाबच लागायचा. मग डोळ्यांवर पडदा आला, सुईत दोरा जाईना, आणि एके दिवशी बाईंनी भरतकामाचा डबा माळ्यावर टाकला. बोलणंही जणू त्याच डब्यात भरून ठेवलं. टीव्ही चालू असायचा आणि त्या शेजारी बसून तो ऐकायच्या. सेक्रेटरी त्यांना पेपर वाचून दाखवायचे, अगदी निविदा सूचनांसकट, पण बाई 'हं' म्हणायच्या, बस्स. सेक्रेटरींना हे फार लागलं होतं. पण लागलं म्हणून सांगायचं कोणाला, आणि कसं?

म्हणूनच त्या रात्री जेवताना बाई म्हणाल्या, "मला ती भिंत भरायचीय. डॉक्टर सुई धरू देतील तेव्हा सुरू करते. भरून होईपर्यंत पेंटरला थांबवा," तेव्हा सेक्रेटरींनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"अगं, भिंत कोणी भरतं का? लोक फुलं भरतात. फार तर एखादी झोपडी, तिच्यामागे सूर्य."

"फुलं मी खूप भरली. त्यात काय, चार पाकळ्या भरल्या की पाचवी कळतेच. हिच्यात पुढची फुली कुठल्या रंगाची येईल ते सांगता येत नाही." बाई इतकं एका दमात बोलल्याला किती वर्षं झाली होती! "आणि हे बघा, पूर्ण होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही. लोक हसतील."

सेक्रेटरी जेवण झाल्यावर नोटीस लिहायला बसले. तोंडाने खोटं बोलणं त्यांना जमत नसे. पण नोटिशीत खोटं लिहिलं तरी ते खोटं वाटत नाही, ही नोटिशीची खुबी आहे. 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, जिन्यातील भिंतीच्या ओलाव्याचे निरीक्षण चालू असल्याने रंगकाम पुढील सूचनेपर्यंत स्थगित करण्यात आले आहे.' 'निरीक्षण' हा शब्द सुचल्यावर ते स्वतःवरच इतके खूश झाले की त्यांनी अवेळी चहा मागितला.

सोमवारी पेंटर आला. डबे, ब्रश, पॉलिश पेपर, पुट्टीची पिशवी आणि उभं राहायची लाकडी घोडी, असा सगळा संसार घेऊन आला, नोटीस वाचली आणि घोडीवरच बसला.

"साहेब, तुम्ही माझ्या घराचे उंबरे झिजवलेत. आता मी आलो तर तुमचं निरीक्षण?"

"ओल आहे हो भिंतीत."

"ओल आहेच. ओल नसती तर मला बोलावलं असतंत का?"

पेंटरने घोडी उचलली आणि जाता जाता सांगितलं की त्याने आता एका शाळेचं काम धरलंय. ते संपलं की बघू. शाळा तीन मजली होती. सेक्रेटरींनी मनातल्या मनात त्या शाळेला आणखी दोन मजले चढवले.

पण इमारतीत मेजर होते. मेजर कधी सैन्यात नव्हते, जन्मभर पोस्टात होते. पण मिशा आणि चालणं असं की त्यांना दुसरं काही म्हणायला जीभ धजत नसे. पुढच्या वर्षी सेक्रेटरी व्हायची त्यांची इच्छा होती आणि ती त्यांनी कोणापासून लपवली नव्हती.

"सेक्रेटरी," नोटिशीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे निरीक्षण करतंय कोण?"

सेक्रेटरी उघडे पडले. नेमक्या त्याच वेळी बाई घडीचं स्टूल आणि भरतकामाचा डबा घेऊन आल्या आणि भिंतीसमोर ऐसपैस बसल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांची परवानगी त्याच सकाळी मिळाली होती.

"आमची ही," सेक्रेटरी बोलून गेले.

"बाई?"

"शिक्षिका होती ना. वर्गावर लक्ष ठेवायची सवय आहे. भिंत तर जागची हलतही नाही."

मेजरांनी बाईंकडे पाहिलं, बाईंच्या मांडीवरच्या रिंगेकडे पाहिलं. त्या रिंगेत हात बसवायला घरीच घातलेल्या पाचसहा हिरव्या फुल्या होत्या आणि बाकी कापडावर बाईंनी पदर ओढला होता. सरकारी काम करताना माणूस वेळ घालवायला काहीतरी करतोच, हे पोस्टात जन्म काढलेल्या माणसाला सांगायला नको. मेजर 'हूं' म्हणाले आणि गेले. अशा रीतीने बाई सोसायटीच्या अधिकृत निरीक्षक झाल्या, आणि सेक्रेटरींची त्या दिवसापासून जी दैना सुरू झाली ती सांगता सोय नाही.

पहिली दैना दोऱ्यांची. बाईंच्या जुन्या डब्यात पोपटी होता, गुलाबी होता, पण बुरशीचा रंग नव्हता. तेव्हा सेक्रेटरींनी एक पोपडा रुमालात गुंडाळून दोऱ्यांच्या दुकानात न्यावा असं ठरलं. दुकानात पोचून त्यांनी रुमाल उघडला तर आत चिमूटभर पीठ. परत आले. दुसऱ्या खेपेला पोपडा बशीत ठेवला, वर दुसरी बशी झाकली आणि देवाचा दिवा न्यावा तसे दोन्ही हातांनी सांभाळत निघाले. फाटकातच वरच्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या. इमारतीत कोणाच्या घरी कुकरची शिट्टी कमी झाली तरी वहिनींना कारण ठाऊक असायचं.

"काय नेताय भावजी, झाकून?"

"भिंत," सेक्रेटरी म्हणाले. प्रामाणिक माणूस, दुसरं काय म्हणणार?

दुकानदार तर त्याहून वर. "बुरशीचा रंग? कुठली बुरशी, साहेब? पावावरची की चपलेवरची?" गिऱ्हाइकं हसली. सेक्रेटरींचे कान लाल झाले. पण बशीतल्या पोपड्याशी जुळवून जुळवून त्यांनी राखी, शेवाळी आणि दोन तऱ्हेचे काळे आणले, आणि घरी आल्यावर बाईंनी ते उजेडात धरून "अगदी हाच!" म्हटलं तेव्हा त्यांना वाटलं, हसू देत लोकांना.

सल्ले तर न मागता यायचे. तळमजल्यावर एक डॉक्टर राहायचे. डॉक्टर गुरांचे होते, पण निवृत्त झाल्यापासून त्यांनी माणसं, यंत्रं आणि इमारती असा व्याप वाढवला होता. त्यांनी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला, डोळे मिटले. "आत पाणी आहे. बैलाचं पोट फुगलं की अस्साच आवाज येतो."

"मग उपाय?"

"उपाय आहे. पण तो भिंतीला करता येणार नाही," असं म्हणून ते गंभीरपणे निघून गेले. हे 'गंभीरपणे' वहिनींनी गॅलरीतून पाहिलं. बाईंना रोज भिंतीसमोर बसवतात, भावजी भिंत झाकून तपासायला नेतात, डॉक्टर तिला कान लावून मान हलवतात; दोन अधिक दोन किती? संध्याकाळपर्यंत इमारत एका बाजूला कलली. म्हणजे बोलण्यात. दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू जिना भिंतीपासून अंग चोरून चढू लागले. कोणी स्कूटर बाहेर रस्त्यावर लावायला लागलं. आणि मेजरांनी आपलं नागरिक म्हणून कर्तव्य केलं आणि पालिकेत तक्रार दिली.

ज्या पालिकेत सेक्रेटरींनी पाइपाबद्दल अर्जांवर अर्ज केले होते आणि त्यांची पोचसुद्धा आली नव्हती, त्या पालिकेतून मेजरांच्या एका तक्रारीवर इंजिनियर आला. तरुण होता. त्याने जिन्यात शिरताना डोक्यावर हेल्मेट चढवलं. बिनहेल्मेटाचे रहिवासी एकमेकांकडे बघू लागले. त्याने ओळंबा सोडला, पाइपाला हात लावून बघितला, आणि विचारलं, "इथे निरीक्षण कोण करतं?"

सगळ्यांनी बाईंकडे बोट केलं.

"काय निरीक्षण आहे तुमचं?"

बाईंनी सुई कापडात खोचली. "इथला निळा परवापेक्षा जास्त उघडा पडलाय. हा ओघळ सकाळी केशरी असतो, दुपारी तपकिरी होतो. आणि तो मोठा पोपडा आहे ना, तो आज ना उद्या जाणार बिचारा."

इंजिनियरने हे सगळं लिहून घेतलं, 'बिचारा' सोडून. मग तो सेक्रेटरींकडे वळला. "इतकी वर्षं तुम्ही काय करत होता? ही बाई रोज इथे बसून लक्ष ठेवते आणि तुम्ही सेक्रेटरी म्हणवता?" मेजर मिशीत हसले. सेक्रेटरींच्या जिभेवर सगळे अर्ज तारखांसकट आले होते. तेवढ्यात इंजिनियर म्हणाला, "अहवाल येईपर्यंत ह्या भिंतीला कोणीही हात लावायचा नाही. रंग नाही, काही नाही." सेक्रेटरींनी अर्ज गिळले आणि मान खाली घातली, कारण त्यांना हसू आवरत नव्हतं.

ते दिवस फार चांगले गेले. सकाळी जिन्याच्या खिडकीतून उजेड आत आला की बाई स्टूल घेऊन बसायच्या. घरी आल्या की बोलायच्या. निळा रंग कोणी दिला असेल हो? नवीन लग्न झालेलं असणार, नाहीतर जिन्याला कोण निळा देतं? मग हिरवा देणारा माणूस कंजूष, एकच हात दिलाय. बोलता बोलता भाजीत दोनदा मीठ पडायचं. सेक्रेटरी ती खारट भाजी खायचे आणि मनात म्हणायचे, देवा, काय वाटेल ते कर, माझी सेक्रेटरीकी जाऊ दे, पण ही भिंत अशीच राहू दे.

अहवाल आला. इमारत भक्कम होती, पाइप तेवढा बदलायचा होता. पाइप बदलला. आता रंग द्यायला कोणाची हरकत नव्हती, पण पेंटर शाळेतच अडकला होता, आणि तोवर बाईंचं निरीक्षण चालूच होतं. कापडावर भिंत जवळजवळ पूर्ण उतरली होती, फक्त खालचा उजवा कोपरा, वीतभर, कोरा होता. आणि नेमकी बाईंच्या डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली.

"पुढे ढकलू या," बाई म्हणाल्या.

"मुळीच नाही. भिंत कुठे पळून जात्येय? मी सेक्रेटरी आहे ना? तू ये डोळा करून, आणि मग दोन्ही डोळ्यांनी कोपरा पुरा कर."

दवाखाना लेकीच्या घराजवळ होता, म्हणून दोघं ऑपरेशननंतर चार दिवस लेकीकडेच राहिली. परत आली तेव्हा फाटकातच सेक्रेटरींच्या नाकात वास शिरला. ओल्या रंगाचा. शेजारच्या इमारतीत असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. जिन्याच्या तोंडाशी सगळे उभे होते: मेजर, वहिनी, डॉक्टर, भाडेकरू. सगळ्यांच्या कोपरांना, केसांना, कानांना रंग.

"बाई, डोळे मिटा!" वहिनी ओरडल्या. "म्हणजे एक पट्टीखाली मिटलेलाच आहे, दुसरा मिटा! आता उघडा!"

भिंत दुधासारखी पांढरट, गुळगुळीत. निळा नाही, हिरवा नाही, ओघळ नाही.

मेजर पुढे आले. ते सावधानमध्ये उभे होते. "बाई, चूक माझी आहे. तक्रार मी केली होती. तुम्ही आजारी डोळ्यांनी रोज त्या घाणीसमोर बसलात, वेळ जायला काहीबाही विणत बसलात, पण जागा सोडली नाहीत. आम्हाला लाज वाटली. पेंटरची वाट न बघता आम्ही सगळ्यांनी मिळून रंगवली. आता तुम्हाला निरीक्षण करायला नको."

"आणि नव्या डोळ्यात पोपडा उडाला असता तर?" डॉक्टर म्हणाले. "बैलाचा डोळा असता तर गोष्ट वेगळी."

सेक्रेटरी काहीतरी बोलायला पुढे झाले. पण बाई हसल्या. "केवढे कष्ट घेतलेत हो सगळ्यांनी," असं म्हणाल्या, एकेकाचा हात हातात घेतला, वहिनींच्या गालावरचा रंग पदराने पुसला, आणि घरात गेल्या. दार लागल्यावर म्हणाल्या, "तो डबा माळ्यावर ठेवून द्या."

"अगं, मी त्यांना—"

"काही बोलू नका त्यांना. इतक्या प्रेमाने केलंय, वाईट वाटेल. नाहीतरी आपणच खोटं सांगितलं होतं."

रात्री जेवताना बाई काहीच बोलल्या नाहीत. भाजीत मीठ बरोबर होतं. सेक्रेटरींनी ती तशीच ताटात टाकली.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी तावातावाने निघाले. बायकोने बोलू नको म्हटलं होतं, पण सोसायटीच्या भिंतीला सेक्रेटरीला न विचारता रंग लावणं हा वेगळा मुद्दा होता. मेजरांचं दार वाजवलं. मेजरांची मान उसन्या घोडीवर वर बघून बघून आखडली होती, बायको त्यांना शेकत होती. "बाई खूश आहेत ना?" मेजरांनी मान न वळवता विचारलं. "आहेत. आभारी आहे," सेक्रेटरी म्हणाले. वहिनींच्या हातांना पुट्टीने भेगा पडल्या होत्या. त्यांचेही आभार मानले. डॉक्टरांचे मानले. भांडायला गेलेला माणूस सगळ्या इमारतीचे आभार मानून, चार कप चहा पिऊन परत आला. ह्यापेक्षा मोठी नामुष्की कोणती?

आणि मग दुपारी, सगळी इमारत वामकुक्षी करत असताना, सेक्रेटरी एका हातात स्टीलचा चमचा आणि दुसऱ्या हातात गार चहाचा कप घेऊन जिन्यात आले.

चमच्याने त्यांनी खालच्या कोपऱ्यात खरवडायला सुरुवात केली. मेजरांनी रंगाचे हात इतके घट्ट दिले होते की तीन ओरखडे उठले आणि चमचा वाकला. मग त्यांनी कप उचलला आणि वरून बेताने चहा सोडला. ओघळ आला, पण फिका. त्यांनी चार पावलं मागे येऊन, मान तिरकी करून पाहिलं. गंजासारखा नाही वाटत. सकाळी केशरी, दुपारी तपकिरी, असं काहीतरी व्हायला हवं. त्यांनी तळातला गाळ हलवला आणि पुन्हा ओतला.

"सेक्रेटरी!"

जिन्याच्या वरच्या पायरीवर मेजर उभे होते, मानेला टॉवेल गुंडाळून. त्यांची हाक तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली आणि धडाधड दारं उघडली. नव्या भिंतीवर चहा, चहाखाली ओरखडे, आणि समोर सोसायटीचे सेक्रेटरी, हातात वाकडा चमचा. इतकी वर्षं जिन्यात पान थुंकणाऱ्यांना, सायकल टेकवणाऱ्यांना ज्यांनी नोटिसा दिल्या ते हेच गृहस्थ.

"मी... निरीक्षण..." सेक्रेटरी म्हणाले. मग त्यांचाच त्यांना कंटाळा आला. "नाही हो. कसलं निरीक्षण? ती भिंत भरत होती. रिंगेत होतं ना, ते काहीबाही नव्हतं, ही भिंतच होती. एकेक पोपडा तिने भरला होता. डोळे गेल्यापासून ती बोलत नव्हती, ह्या भिंतीने तिला बोलकं केलं. एक कोपरा राहिला होता. एवढासा. मी तिला म्हटलं होतं की मी आहे ना, सांभाळतो." त्यांनी चमच्याने कोपरा दाखवला. "मला वाटलं, थोडी खराब करून बघावी."

"आम्हाला वाटलं सोफ्याचं कव्हर आहे," वहिनी पुटपुटल्या.

मेजर हळूहळू पायरीवर बसले. "मग सांगायचं नाही का, भल्या माणसा?"

"सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता."

"हसलो असतो," मेजर म्हणाले. "पण रंगवली नसती."

एवढ्यात सेक्रेटरींच्याच घराचं दार उघडलं. त्या सकाळीच बाईंच्या डाव्या डोळ्यावरची पट्टी निघाली होती. त्या बाहेर आल्या, सगळ्यांकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे पाहिलं. दोन्ही डोळ्यांनी, पहिल्यांदाच. त्या पुढे झाल्या, अगदी भिंतीला नाक लागेल इतक्या जवळ.

"हा ब्रशचा केस कोणी चिकटवला?"

"माझा ब्रश जुना होता," डॉक्टर म्हणाले.

"इथे रंग अर्धवट राहिलाय."

"हात पोचला नाही हो बाई," वहिनी म्हणाल्या.

"आणि ही तीन बोटं?"

"वाळलाय का बघत होते. तीही माझीच."

"हा रोलर मात्र एकसारखा फिरलाय. वरून खाली, वरून खाली."

मेजरांनी आखडलेली मान जमेल तेवढी ताठ केली.

मग बाई खालच्या कोपऱ्यापाशी आल्या. चहाचा ओघळ अजून हळूहळू खाली चालला होता. "आणि हे?"

सगळे सेक्रेटरींकडे बघायला लागले. सेक्रेटरींनी चमचा पाठीमागे लपवला. बाईंनी ओघळाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, त्या पाठीमागच्या हाताकडे पाहिलं, आणि त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांना पाणी आलं आणि "चोळू नका! चोळू नका!" म्हणून डॉक्टर धावले.

"अहो, उभे काय राहिलात? तो डबा खाली काढा," बाई म्हणाल्या. "आणि स्टूल आणा. हा ओला आहे तोवर ह्याचा रंग जुळवू दे मला."

मेजर उठले आणि स्टूल त्यांनी आणलं.

वार्षिक सभेत सेक्रेटरींना सोसायटीच्या मालमत्तेचं नुकसान केल्याबद्दल समज देण्यात आली. ठराव मेजरांनी मांडला, सेक्रेटरींनी स्वतः लिहून घेतला आणि हात वर करताना त्यांचा हात सगळ्यांत उंच होता. त्याच सभेत त्यांना पुन्हा सेक्रेटरी केलं, कारण मेजरांनी अर्जच भरला नाही. सभा संपवताना आभार मानायला सेक्रेटरी उभे राहिले. एरवी आभाराचं भाषण ते पाठ करून यायचे. त्या दिवशी त्यांना 'तुम्ही सगळे' एवढंच म्हणता आलं. मग ते खाली बसले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बाईंनी भरलेली भिंत आता काचेच्या चौकटीत जिन्यातल्या भिंतीवरच लावली आहे. वर सगळी बुरशी, गंज, निळ्या-हिरव्या पोपड्यांची गर्दी, आणि खालचा उजवा कोपरा साधा, दुधाळ, त्यात सगळ्यांच्या खुणा भरलेल्या. आल्यागेल्यांना इमारतीतली माणसं वरचं काही दाखवत नाहीत, थेट कोपऱ्यावर बोट ठेवतात. डॉक्टर तो केस दाखवतात, वहिनी आपली तीन बोटं दाखवतात, मेजर रोलरच्या रेघा मोजून दाखवतात. मग पाहुणा विचारतो, "आणि हा डाग कसला हो? आणि हे ओरखडे?"

तेव्हा सगळे सेक्रेटरींसाठी वाट करून देतात. सेक्रेटरी चष्मा पुसतात, घसा खाकरतात.

"तो," ते म्हणतात, "माझा."